महागाईचा हिशेब मागणारे शेजारी

शेजारच्या देशांतल्या महागाईच्या बातम्या आपल्याकडच्या अनेक वाहिन्यांवर करमणूक म्हणून दाखवल्या जातात. पाकिस्तानात पिठासाठी लागलेल्या रांगा, पोत्यावरून झालेली ओढाताण आणि त्यावर हसणारा निवेदक. भारतीय मुसलमान म्हणून या हसण्यातला टोमणा मला नेमका कळतो. पण मला प्रश्न पडतो तो वेगळा. रांगेत उभी असलेली ही माणसं पुढे काय करतात? गेल्या काही वर्षांत श्रीलंका, पाकिस्तान आणि बांगलादेशातल्या सामान्य नागरिकांनी या प्रश्नाची जी उत्तरं दिली, त्यांतून आपल्याला शिकण्यासारखं बरंच आहे.

सुरुवात श्रीलंकेपासून करू. एप्रिल २०१९ मध्ये ईस्टरच्या दिवशी झालेल्या बॉम्बस्फोटांत अडीचशेहून अधिक माणसं मारली गेली. त्यानंतर तिथल्या सर्वच मुसलमानांकडे संशयाने पाहिलं जाऊ लागलं. त्या वातावरणात गोटाबाया राजपक्षे नोव्हेंबरमध्ये राष्ट्राध्यक्ष झाले. कोरोनाच्या काळात त्यांच्या सरकारने मृतांचं दहन सक्तीचं केलं. दफनाने संसर्ग पसरत नाही असं तज्ज्ञ सांगत असतानाही मुसलमानांना आपल्या माणसांचा दफनविधी नाकारला गेला. फेब्रुवारी २०२१ च्या अखेरीस हा निर्णय मागे घेतला गेला, तोवर वीस दिवसांच्या एका बाळाचंही दहन झालं होतं. देशातले थोडे लोक याविरुद्ध बोलले, बहुसंख्य गप्प राहिले.

याच काळात दुसरीकडे देशाची तिजोरी रिकामी होत होती. सत्तेवर येताच सरकारने मूल्यवर्धित कर १५ टक्क्यांवरून ८ टक्क्यांवर आणला. एप्रिल २०२१ मध्ये रासायनिक खतांची आयात एका फटक्यात बंद केली आणि भाताचं उत्पादन कोसळलं. कोरोनामुळे पर्यटन बसलेलं, कर्जाचे हप्ते डोक्यावर आणि परकीय चलन संपलेलं. २०२२ च्या मार्चमध्ये दिवसाला तेरा तासांपर्यंत वीज जाऊ लागली. पेट्रोलच्या रांगेत तासन् तास उभे राहून वृद्ध माणसं मेली. सप्टेंबरपर्यंत कोलंबोतली महागाई जवळपास ७० टक्क्यांवर गेली, खाद्यपदार्थांची तर ९५ टक्क्यांच्या घरात.

९ एप्रिलपासून लोकांनी कोलंबोच्या गॉल फेस मैदानावर राष्ट्राध्यक्षांच्या सचिवालयासमोर मुक्काम ठोकला. रमजान सुरू होता. त्या मैदानावर इफ्तार झाले आणि सिंहली, तमिळ, मुसलमान एकत्र बसले. १८ मे रोजी यादवी युद्धाच्या शेवटी मारल्या गेलेल्या तमिळ नागरिकांची आठवण म्हणून तिथेच कांजी वाटली गेली. कोलंबोच्या मध्यभागी असं काही घडेल, याची तीन वर्षांपूर्वी कुणी कल्पनाही केली नसती. जुलैमध्ये गोटाबाया देश सोडून पळाले.

हे चित्र मला आवडतं, पण त्यातलं एक शल्य नजरेआड करता येत नाही. ही एकजूट बहुसंख्याकांच्या घरातली चूल विझल्यावर झाली. मुसलमानांच्या कबरी नाकारल्या जात होत्या तेव्हा ती दिसली नव्हती. ज्याच्याकडे खताचा, कराचा, कर्जाचा हिशेब मागायचा, त्याने लोकांसमोर एक शत्रू उभा करून ठेवला होता. लोक त्या शत्रूकडे पाहत राहिले आणि हिशेब तसाच राहिला. द्वेषाची किंमत शेवटी बाजारातही मोजावी लागते, हे श्रीलंकेने फार उशिरा ओळखलं.

पाकिस्तानात मला दोन वेगवेगळी चित्रं दिसतात. पहिलं ३१ मार्च २०२३ चं. रमजान होता आणि कराचीतल्या एका कारखान्यात जकात वाटली जात होती. तिथे झालेल्या चेंगराचेंगरीत किमान ११ जण मरण पावले. त्यांत बायका आणि मुलंच अधिक होती. मे महिन्यात देशाच्या महागाईने ३८ टक्के गाठले. जकात हे मोठं मूल्य आहे, याबद्दल दुमत नाही. पण सरकार अंग काढून घेतं तेव्हा दानशूर माणसाच्या दारात अशी गर्दी होते. आणि दारातल्या गर्दीला आवाज नसतो, तिला फक्त हात पसरता येतात.

दुसरं चित्र मे २०२४ चं, पाकव्याप्त काश्मीरमधलं. तिथे व्यापारी, वाहतूकदार, वकील आणि विद्यार्थी यांनी मिळून जॉइंट अवामी अ‍ॅक्शन कमिटी उभी केली होती. त्यांच्या मागण्या मोजक्या होत्या: पीठ स्वस्त करा, वीज निर्मितीच्या खर्चाच्या दराने द्या, सत्ताधाऱ्यांच्या सवलती कमी करा. मंगला धरणासाठी आमची गावं बुडाली, मग तिथे तयार होणारी वीज आम्हालाच महाग का, हा त्यांचा सवाल होता. आधी त्यांनी महिनोन् महिने वीजबिलं भरायला नकार दिला, मग मुझफ्फराबादकडे मोर्चा काढला. गोळीबार झाला, आंदोलक मारले गेले, एका पोलीस अधिकाऱ्याचाही जीव गेला. अखेर सरकारने २३ अब्ज रुपये मंजूर केले. चाळीस किलो पिठाचा दर ३,१०० रुपयांवरून २,००० वर आला आणि घरगुती विजेचे पहिले शंभर युनिट तीन रुपये दराने मिळू लागले. कराचीतल्या रांगेतली माणसं आणि हे मोर्चेकरी सारखेच गांजलेले होते. मोर्चेकऱ्यांकडे संघटना होती आणि मागण्यांची यादी होती, एवढाच काय तो फरक.

बांगलादेशात २६ मार्च २०२३ रोजी, स्वातंत्र्यदिनी, 'प्रथम आलो' या दैनिकाने एका मजुराची व्यथा छापली. पोटाला भात नसेल तर स्वातंत्र्य घेऊन काय करू, असा तिचा आशय होता. ती बातमी देणाऱ्या वार्ताहराला डिजिटल सुरक्षा कायद्याखाली अटक झाली. त्याच वर्षी कपडा कारखान्यांतले कामगार २३,००० टाका किमान वेतन मागत रस्त्यावर आले आणि त्यांना १२,५०० वर थांबवलं गेलं. जुलै २०२४ मध्ये खाद्यपदार्थांची महागाई १४ टक्क्यांवर होती. तेव्हाचं आंदोलन नोकऱ्यांतल्या आरक्षणाचं होतं, पण त्यामागे हा साचलेला रागही होता. ऑगस्टमध्ये शेख हसीना देश सोडून गेल्या. त्यानंतरच्या दिवसांत हिंदूंच्या घरांवर आणि मंदिरांवर हल्ले झाले. काही ठिकाणी मुस्लिम तरुणांनी मंदिरांबाहेर रात्रभर पहाराही दिला. सरकार पडल्याने भाव आपोआप उतरत नाहीत आणि अल्पसंख्याक आपोआप सुरक्षित होत नाहीत. ती दोन्ही कामं नागरिकांना पुढेही करत राहावी लागतात.

आता आपल्याकडे वळू. आपल्या देशात ८० कोटींहून अधिक लोकांना मोफत धान्य मिळतं. ते २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने दिलेला हक्क म्हणून यायला हवं, पण येतं नेत्याचा फोटो असलेल्या पिशवीतून, उपकार म्हणून. याच महाराष्ट्रात १९७२ साली मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्यासोबत हजारो बायका हातात लाटणी घेऊन महागाईविरुद्ध रस्त्यावर उतरल्या होत्या. लाटणं प्रत्येक घरात असतं, म्हणून त्या मोर्चात कुणीही सामील होऊ शकत होतं.

माझा प्रश्न आपल्या, म्हणजे मुस्लिम समाजात काम करणाऱ्या संघटनांना आहे. आपल्या निवेदनांत सिलिंडर, शाळेची फी, दवाखान्याचा खर्च, यंत्रमाग कामगाराची मजुरी यांना किती जागा असते? आपली ओळख आणि सुरक्षितता यांवर बोलणं भागच आहे, कारण हल्ले तिथेच होतात. पण रेशन दुकानाच्या रांगेत आपल्या पुढे आणि मागे उभ्या असलेल्या माणसाचं दुखणं आपलंच आहे. ते आपण मांडलं, तर आपलं दुखणं ऐकायला तोही थांबेल. आपल्या वस्तीतल्या रेशन दुकानावर दक्षता समिती आहे का, तिच्या बैठका होतात का, हे विचारण्यापासून सुरुवात करता येईल. ते विचारायला जाताना शेजारच्या वस्तीतल्या बायकांनाही बरोबर घ्यावं. चूल विझेपर्यंत थांबायची गरज नाही.