पंक्तीतून उठविलेले यंत्र

मोटार-शर्यतींच्या जगात फॉर्म्युला वनचे स्थान सर्वांत वरचे. तेथील नियम बदलले की मोटारी बदलतात, यात नवल नाही. परंतु आंतरराष्ट्रीय मोटार महासंघाच्या क्रीडा परिषदेने ऑगस्ट २०२२ मध्ये २०२६ च्या हंगामासाठी इंजिनांचे जे नियम मंजूर केले, त्यांनी बारा हंगाम जोपासलेले एक यंत्र मोटारीतून मुळासकट काढून टाकले. ‘एमजीयू-एच’ हे त्याचे रूक्ष नाव. त्याच्या जाण्याने प्रेक्षागारात कोणी हळहळले असेल असे नाही. तरीही संकरित इंजिनाचे, म्हणजे पेट्रोल आणि वीज या दोहोंवर चालणाऱ्या इंजिनाचे, नियम यंत्राचा गुण पाहून ठरतात की पंक्तीला कोण कोण येणार हे पाहून, या प्रश्नाचे उत्तर याच यंत्राच्या कहाणीत सापडते.

इंधन जाळून निघणाऱ्या उष्णतेचा मोठा भाग धुराबरोबर वाया जातो, हे शाळेतील विद्यार्थ्यालाही ठाऊक असते. टर्बोचार्जर त्या धुराच्या झोताने एक चक्र फिरवितो आणि त्याच्या जोरावर इंजिनात जादा हवा कोंबतो. एमजीयू-एच हे त्याच दांड्यावर बसविलेले मोटार-जनित्र. झोत जोरात असला की ते वीज निर्माण करी. वळणातून बाहेर पडताना चालकाने पुन्हा पाय दाबला की टर्बोला वेग घेण्यास लागणारा क्षणाचा विलंब ते स्वतः विजेवर फिरून भरून काढी. त्याच्या फेऱ्यांची कमाल मर्यादा मिनिटाला १,२५,००० होती. जोडीला ‘एमजीयू-के’ हे दुसरे जनित्र ब्रेक लावताना मोटारीच्या गतीतून वीज मिळवी. २०१४ मध्ये १.६ लिटरच्या व्ही-६ इंजिनाला ही दोन्ही यंत्रे जोडण्यात आली आणि एका शर्यतीला १०० किलोच इंधन, अशी अट घालण्यात आली. जुन्या व्ही-८ इंजिनांना लागे त्याहून हे सुमारे एक-तृतीयांशाने कमी. (ग्रेटर नोइडा येथील भारतीय ग्रां प्री २०११ ते २०१३ अशी तीनच वर्षे झाली, त्यामुळे ही इंजिने भारतीय प्रेक्षकाला आपल्या भूमीवर शर्यतीत पाहावयास मिळालीच नाहीत.) २०१७ मध्ये मर्सिडीजने आपले इंजिन चाचणीच्या मेजावर पन्नास टक्क्यांहून अधिक औष्णिक कार्यक्षमता देते, असे जाहीर केले. जाळलेल्या इंधनातील निम्म्याहून अधिक ऊर्जा कामी येणे ही पेट्रोल इंजिनाच्या इतिहासात लहान गोष्ट नव्हे.

तथापि या यशाची किंमतही मोजावी लागली. २०१५ मध्ये मॅक्लारेन संघाबरोबर परतलेल्या होंडासारख्या मातब्बर कंपनीची या यंत्राने दमछाक केली. पहिल्याच वर्षी तो संघ दहांपैकी नवव्या क्रमांकावर राहिला. अखेर विमानांची जेट इंजिने बनविणाऱ्या आपल्याच विभागातील अभियंत्यांची मदत होंडाला घ्यावी लागली. २०२१ मध्ये मॅक्स व्हेरस्टॅपनने होंडाच्या इंजिनावर जगज्जेतेपद मिळविले खरे, पण तोवर कंपनीने त्या वर्षअखेर शर्यती सोडण्याचे जाहीरही करून टाकले होते. इकडे मर्सिडीजने २०१४ ते २०२१ अशी ओळीने आठ वर्षे संघांचे अजिंक्यपद आपल्याकडे ठेवले. असे असताना नव्या कंपनीने या आखाड्यात का उतरावे?

फोक्सवॅगन समूहातील ऑडी आणि पोर्श या कंपन्यांनी नेमका हाच प्रश्न विचारला. एमजीयू-एच जाणार असेल तरच येण्याचा विचार करू, अशी त्यांची भूमिका होती. ती मान्य झाली. या निर्णयाची बाजू अगदीच लंगडी नाही. यंत्र अतिशय महाग होते, त्याने इंजिनाचा आवाज दाबला जाई ही प्रेक्षकांची तक्रार होती, आणि चारच कंपन्यांच्या हाती सगळा खेळ राहणे कोणत्याही स्पर्धेस पोषक नाही. ऑडी आली. पाठोपाठ रेड बुलच्या साथीने फोर्ड आली, होंडानेही मे २०२३ मध्ये परतण्याचे ठरविले. पाहुणे जमविण्याचा हेतू सफळ झाला, हे मान्यच केले पाहिजे.

मात्र ज्या पोर्शसाठी पान मांडले, ती पंक्तीला बसलीच नाही. रेड बुलशी चाललेली तिची बोलणी सप्टेंबर २०२२ मध्ये फिसकटली. गंमत पुढेच आहे. ‘या यंत्राचा रस्त्यावरील मोटारींना उपयोग नाही’, असा युक्तिवाद ते काढताना सर्रास केला गेला. २०२४ मध्ये पोर्शने आपल्या ९११ या प्रसिद्ध मोटारीची संकरित आवृत्ती बाजारात आणली. तिच्या टर्बोच्या दांड्यावर एक विजेची मोटार बसविलेली आहे आणि ती धुराच्या झोतातून वीजही निर्माण करते! पोर्शला हे नवे नव्हतेच. २०१५ ते २०१७ अशी सलग तीन वर्षे ल माँची चोवीस तासांची शर्यत जिंकणारी तिची ९१९ ही मोटारही धुरातून वीज काढीत असे. म्हणजे शर्यतीत निरुपयोगी ठरविलेले तत्त्व दुकानात मात्र विकाऊ ठरले.

पोकळी भरून काढण्यासाठी जे केले गेले, त्याचे गणित तर अधिकच चमत्कारिक आहे. नव्या नियमांत पेट्रोलची शक्ती सुमारे ५५० किलोवॅटवरून ४०० वर आणली गेली, आणि विजेची १२० वरून ३५० वर नेण्यात आली. कागदावर निम्मे-निम्मे झाले. जाहिरातीला शोभणारा आकडा. पण विजेची मागणी जवळजवळ तिप्पट करताना तिच्या दोन झऱ्यांपैकी एक बुजविला गेला. बॅटरीतून एका वेळी वापरता येणारी ऊर्जा ४ मेगाज्यूल. ३५० किलोवॅटने ती साडेअकरा सेकंदांत संपते. मूळ आराखड्याने एका फेरीत सुमारे ८.५ मेगाज्यूल परत मिळविण्याची मुभा दिली. दोन सेकंदांच्या जोरदार ब्रेकमधून फार तर ०.७ मेगाज्यूल हाती लागते. हिशेब केला तर असे बारा ब्रेक हवेत. आणि इटलीतील मोंझासारख्या लांब सरळ रस्त्यांच्या मार्गावर तितकी जोरदार ब्रेकची ठिकाणे नाहीतच. ब्रेकचा मुख्य भार पुढच्या चाकांवर पडतो आणि ल माँच्या काही मोटारी तेथूनच वीज मिळवितात. फॉर्म्युला वनला ती वाट नियमानेच बंद. मग उरतो एकच मार्ग: सरळ रस्त्यावर इंजिनाने पेट्रोल जाळून जनित्र फिरवावयाचे. ताशी २९० किलोमीटरच्या पुढे विजेचा पुरवठा हळूहळू कमी करण्याची तरतूद नियमांतच करावी लागली, ती उगीच नव्हे. पूर्वी फुकट जाणाऱ्या धुरातून जे मिळे, ते आता इंधन जाळून मिळवावयाचे आणि त्याला प्रगती म्हणावयाचे, हा मोठाच सव्यापसव्य आहे.

याहून सुज्ञ उपाय हाताशी होता. २००८ पासून सर्व संघांना एकच सामायिक इलेक्ट्रॉनिक नियंत्रक वापरावा लागतो. त्यामुळे कोणाचे नाक कापले गेले नाही. एमजीयू-एचही तसेच एका पुरवठादाराकडून, ठरावीक किमतीला सर्वांना देता आले असते. नवख्यांची अडचण दूर झाली असती आणि यंत्रही टिकले असते. परंतु धरसोड हा या नियमकर्त्यांचा जुना स्वभाव आहे. ब्रेकमधून वीज मिळविणारे पहिले ६० किलोवॅटचे यंत्र २००९ मध्ये आले, २०१० मध्ये खर्चाच्या नावाखाली सर्व संघांनी संगनमताने बाजूला ठेवले आणि २०११ मध्ये पुन्हा बसविले. २०२६ चे नियम अमलात येण्यापूर्वीच, २०२५ मध्ये, महासंघाचे अध्यक्ष मोहम्मद बेन सुलेम शाश्वत इंधनावर चालणाऱ्या साध्या, गर्जणाऱ्या इंजिनांकडे परतण्याची भाषा करू लागले होते. आधी व्ही-१०, नंतर व्ही-८. दहा वर्षांच्या संशोधनाचा आराखडा आखणाऱ्या अभियंत्याने यातून कोणता बोध घ्यावयाचा?

रेनॉने जो घ्यावयाचा तो घेतला. १९७७ मध्ये या शर्यतींत पहिले टर्बो इंजिन उतरविणारी आणि २०१४ च्या संकरित नियमांसाठी सर्वाधिक आग्रह धरणाऱ्यांत असलेली ही कंपनी. विरी-शातियाँ येथील आपले फॉर्म्युला वन इंजिनांचे काम २०२५ च्या अखेरीस बंद करण्याचे तिने सप्टेंबर २०२४ मध्ये जाहीर केले. तिच्या अल्पिन संघासाठी २०२६ पासून इंजिन घ्यावयाचे ठरले ते मर्सिडीजकडून.