गाणे कुणाचे, मान कुणाला?

शास्त्रीय संगीताचा विषय निघाला की आपल्या वस्तीतला माणूस सरळ म्हणतो, ते त्यांचे गाणे, आपले नव्हे. आम्हाला हे मान्य नाही. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हे गाणे कुणाच्या गळ्याने जगवले, हे चळवळीच्या वाचकाने एकदा तपासून पाहावे.

गोव्यातील कलावंत समाज पिढ्यान्‌पिढ्या देवळांच्या सेवेशी जखडलेला होता. मुलीने देवापुढे गायचे-नाचायचे, गावच्या धनिकाने तिला ठेवायचे आणि तिच्या लेकरांना बापाचे नाव मिळायचे नाही, ही धर्माच्या नावाने चाललेली रीत. त्याच समाजात १८९२ साली केरी गावी केसरबाई केरकर आणि १९०४ साली कुर्डी गावी मोगूबाई कुर्डीकर जन्मल्या. त्यांना घडवले कुणी? राजर्षी शाहू महाराजांच्या कोल्हापूर दरबारातील मुसलमान गवई अल्लादिया खाँसाहेबांनी. आज ज्या जयपूर-अत्रौली घराण्याच्या नावाने सभागृहात माना डोलतात, त्याची कीर्ती या उस्तादाने आणि या बायांनी वाढवली.

मोगूबाईंची सुरुवात नाटक कंपनीतली. दहाव्या वर्षी आई गेली. पुढे पतीचेही अकाली निधन झाले आणि गाण्यावरच तीन मुले वाढवली. त्यातली एक किशोरी आमोणकर. आईबरोबर कार्यक्रमांना जाताना प्रवासाची, मुक्कामाची, मानधनाची जी अवहेलना पाहिली, ती किशोरीताईंनी पुढे मुलाखतींतून सांगितली. स्वतः नावारूपाला आल्यावर त्यांनी आयोजकांना अटी घातल्या, तेव्हा मात्र त्यांना लहरी ठरवले गेले! बाईने करार मागितला की ती लहरी, पुरुषाने मागितला की तो व्यवहारी.

गाणे हवे, गाणारी नको, हा सरकारी न्यायही होता. १९४६ साली माहिती व नभोवाणी खाते सरदार पटेलांकडे आल्यावर ज्यांचे खासगी जीवन बदनाम, अशा गायिकांना आकाशवाणीची दारे बंद केली गेली. वकील म्हणून आम्ही विचारतो, या खटल्यात आरोपी कोण? मुली देवाला वाहणारे देवस्थानचे मानकरी की वाहिली गेलेली मुलगी? मानकऱ्यांना कुणी काही विचारले नाही.

केसरबाईंची भैरवी १९७७ साली अमेरिकेच्या व्हॉयेजर यानांवरील तबकडीत अंतराळात गेली. दुसरे यान सुटल्यावर अवघ्या अकरा दिवसांनी त्या वारल्या.

१६ जून १९३६ रोजी परळच्या दामोदर हॉलमध्ये बाबासाहेबांनी देवदासी, मुरळी, जोगतिणींना ते लाजिरवाणे जिणे सोडण्याचे आवाहन केले. आमच्यातले काहीजण त्याचा अर्थ असा लावतात की गाणे-नाचणेच वाईट. आम्ही तसे वाचत नाही. सोडायची होती ती गुलामी. मोगूबाईंनी देवळाची सेवा नव्हे, विद्या पुढच्या पिढीला दिली.

हे सारे मूलमध्ये बसून का लिहायचे? कारण दिवाळी सरली की आमच्या झाडीपट्टीत मंडईच्या निमित्ताने गावोगाव नाटके लागतात. वडसाच्या कंपन्या येतात, रात्रभर ऑर्गन-तबला वाजतो, बाहेरगावची नटी गाते. पदाला ‘वन्स मोअर’ देणारेच पहाटे चहाच्या टपरीवर तिच्या चारित्र्याची चर्चा करतात. त्यात आपले जयभीमवालेही असतात, हे लिहिताना संकोच वाटतो, पण लिहिलेच पाहिजे.

म्हणून मूल, सिंदेवाही, सावली भागातील आपल्या नाट्यमंडळांकडे आमची मागणी आहे. यंदा कंपनीशी करार करताना स्त्री कलावंतांच्या मुक्कामाची स्वतंत्र, कुलूप लागेल अशी खोली आणि त्यांचे मानधन थेट त्यांच्या हातात, या दोन बाबी लेखी घाला. मसुदा आम्ही विनामूल्य करून देऊ.