शहर सोडून गावी आलं की पुन्हा सुचायला लागतं, हे खरं असतं का?

रूम रिकामी केली, सामान टेम्पोत भरलं, मुंबई सोडली. अशी सुरुवात असलेली एखादी रील तुमच्याही फीडमध्ये येऊन गेली असेल. पुढच्या वीस सेकंदांत गावचं घर, पत्र्यावर पडणारा पाऊस, चहाचा कप आणि शेजारी उघडी वही. कॅप्शनचा अर्थ साधारण असा, की शहरात चार वर्षं काही सुचलं नाही आणि इथे चार दिवसांत सुचायला लागलं.

कमेंटमध्ये लगेच दोन तट पडतात. एक म्हणतो, 'हेच खरं आयुष्य.' दुसरा विचारतो, 'पण घर कोण चालवतं भाऊ?'

दोन्ही कमेंट थट्टेवारी नेण्यासारख्या नाहीत. लिहिणारे, चित्रं काढणारे, फिल्म बनवणारे अनेक जण मुंबई-पुण्यातून घरी परततात. काहींचं काम तिथे खरंच बहरतं, काही जण सहा महिन्यांत पुन्हा शहराची गाडी पकडतात. हा फरक कशामुळे पडतो?

आधी हे समजून घेऊ, शहरात सुचणं बंद का होतं?

खरं तर नव्या कल्पनांचं माहेरघर शहरच मानलं जातं आणि त्याला आकड्यांचा आधारही आहे. लुईस बेटनकोर्ट, जेफ्री वेस्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये शहरांच्या आकडेवारीचा अभ्यास मांडला. शहराची लोकसंख्या दुप्पट झाली की पेटंटची संख्या नुसती दुप्पट होत नाही, त्याहून बरीच जास्त वाढते, असं त्यात दिसलं. वेगवेगळ्या डोक्यांची माणसं एकमेकांना भेटतात आणि त्यातून नवीन काही निघतं, असं त्याचं साधं कारण सांगितलं जातं.

पण हा हिशोब अख्ख्या शहराचा झाला. त्या शहरातल्या एका माणसाचा हिशोब वेगळा असू शकतो.

समजा, एखादी मुलगी डोंबिवलीहून अंधेरीला नोकरीला जाते. जायला दीड तास, यायला दीड तास. महिन्याचे २५ दिवस धरले तर ७५ तास फक्त प्रवासात गेले. उरलेल्या वेळात नोकरी, स्वयंपाक, कपडे आणि झोप. कविता लिहायची तर ती कधी?

हार्वर्डच्या प्राध्यापक तेरेसा अमाबिले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १७७ कर्मचाऱ्यांच्या रोजच्या नोंदी तपासल्या होत्या. ९ हजारांहून अधिक नोंदींमधून दिसलं ते असं, की ज्या दिवशी वेळेचा ताण जास्त, त्या दिवशी नवीन विचार करण्याचं प्रमाण कमी. गंमत म्हणजे, ताणाच्या दिवशी आपण फार क्रिएटिव्ह होतो, असं लोकांना वाटत मात्र होतं.

दुसरी गोष्ट पैशाची. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तामिळनाडूतल्या ऊस उत्पादक शेतकऱ्यांची विचारशक्ती मोजणारी चाचणी दोनदा घेतली गेली. एकदा तोडणीआधी, हात तंग असताना आणि एकदा तोडणीनंतर, पैसे आल्यावर. त्याच शेतकऱ्यांना तोडणीआधी कमी गुण मिळाले. हा अभ्यास कलेबद्दल नव्हता. पण पैशाची काळजी डोक्यातली जागा अडवून बसते, एवढं त्यातून कळतं. पाच तारखेला भाडं भरायचंय आणि खात्यात पैसे नाहीत, ही अवस्था ज्याने अनुभवली आहे, त्याला हे वेगळं सांगायला नको.

रिमा दास यांची गोष्ट काय सांगते?

परतण्याचं सगळ्यात ठळक उदाहरण आसाममधलं आहे आणि त्याचा धागा महाराष्ट्रातून जातो.

रिमा दास या कामरूप जिल्ह्यातल्या छयगावजवळच्या एका खेड्यात वाढल्या. पुणे विद्यापीठातून त्यांनी समाजशास्त्रात एमए केलं. मग अभिनेत्री व्हायचं म्हणून मुंबई गाठली. पृथ्वी थिएटरमध्ये प्रेमचंदांच्या 'गोदान'वर आधारित नाटकात काम केलं. पण पडद्यावर हवी तशी संधी मिळाली नाही. या काळात त्या जगभरचे सिनेमे पाहत राहिल्या आणि अभिनयाकडून दिग्दर्शनाकडे वळल्या. फिल्म स्कूलमध्ये त्या कधी गेल्या नाहीत.

पहिल्या मोठ्या फिल्मच्या कामासाठी त्या आपल्या भागात परतल्या. तिथे त्यांना थर्माकोलची खोटी वाद्यं घेऊन बँड वाजवणारी गावातली पोरं दिसली. त्यातून 'व्हिलेज रॉकस्टार्स' उभी राहिली. गिटारचं स्वप्न पाहणाऱ्या धुनू नावाच्या मुलीची ही कथा.

ही फिल्म त्यांनी डीएसएलआर कॅमेऱ्यावर, नैसर्गिक उजेडात, गावातल्याच मुलांना घेऊन बनवली. लेखन, दिग्दर्शन, कॅमेरा आणि संकलन स्वतःच केलं. आवाज रेकॉर्ड करायला चुलत बहीण मल्लिका होती. कामाला तीन-चार वर्षं लागली.

२०१७ मध्ये ही फिल्म टोरांटो महोत्सवात दाखवली गेली. ६५व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत तिला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा सन्मान मिळाला. संकलनासाठी रिमा यांना, ध्वनीसाठी मल्लिका यांना आणि बालकलाकार म्हणून भनिता दासला पुरस्कार मिळाला. पुढे भारताची अधिकृत प्रवेशिका म्हणून ती ऑस्करसाठी पाठवली गेली. २०२४ मध्ये 'व्हिलेज रॉकस्टार्स २' बुसान महोत्सवात गेली आणि तिथे किम जिसोक पुरस्कार घेऊन आली.

हेच काम मुंबईत का झालं नसतं?

या गोष्टीत तीन धागे दिसतात.

पहिला, वेळ. मुंबईत क्रू, लोकेशन आणि परवानगी या सगळ्यांचं मीटर चालू असतं. गावात पाऊस हवा असेल तर पावसाची वाट पाहता येते, पूर हवा असेल तर पुराची.

दुसरा, चुकीची किंमत. आजचं शूट फसलं तर उद्या पुन्हा करता येतं. पोरं शेजारीच राहतात. नवीन काही शोधायचं तर चुका होणारच आणि चूक परवडली तरच माणूस नवीन करून पाहतो.

तिसरा, विषय. शहरात काम मागायला आलेला माणूस बहुतेकदा शहराला काय हवंय तेच बनवायला लागतो. घरी परतल्यावर ज्या माणसांना आपण आतून-बाहेरून ओळखतो, ती समोर असतात.

पण इथे एक मेख आहे. तीच पोरं, तेच शेत गावातल्या प्रत्येकाला रोज दिसत होतं. रिमा यांना त्यात सिनेमा दिसला, कारण मधली वर्षं त्या बाहेर राहून आल्या होत्या. परदेशात राहिलेल्या लोकांवर विल्यम मॅडक्स आणि अॅडम गॅलिन्स्की यांनी २००९ मध्ये अभ्यास मांडला. दुसऱ्या संस्कृतीत प्रत्यक्ष राहून आलेल्यांनी क्रिएटिव्ह चाचण्यांत चांगली कामगिरी केली, नुसतं फिरून आलेल्यांत तसं दिसलं नाही. गाव आणि महानगर यांतलं अंतरही आपल्याकडे परदेशाहून फार कमी नसतं.

म्हणजे नजर बाहेर राहून आली आणि वेळ गावाने दिला. शिवाय रिमा यांनी मुंबई कायमची सोडली नाही. त्यांचा मुक्काम दोन्हीकडे असतो.

महाराष्ट्रात काय चित्र आहे?

मराठी कला म्हणजे मुंबई-पुणं, हे समीकरण पहिल्यापासून नव्हतं. बाबूराव पेंटर यांची महाराष्ट्र फिल्म कंपनी कोल्हापूरची. प्रभात फिल्म कंपनीसुद्धा १९२९ मध्ये कोल्हापुरातच सुरू झाली आणि १९३३ मध्ये पुण्याला गेली.

अलीकडे चक्र थोडं उलटं फिरतंय. २०१६ मध्ये १०० कोटींचा टप्पा ओलांडणारा 'सैराट' करमाळा तालुक्यात चित्रित झाला आणि दिग्दर्शक नागराज मंजुळे याच तालुक्यातल्या जेऊरचे. ते काही मुंबईला कंटाळून परतलेले नव्हेत, पण ओळखीच्या मातीतला विषय किती लांब जाऊ शकतो, हे त्यांनी दाखवलं. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये जिओ आलं, डेटा स्वस्त झाला आणि गावातून थेट प्रेक्षकांपर्यंत जाण्याची वाट उघडली. 'गावाकडच्या गोष्टी' किंवा बारामती तालुक्यातली 'चांडाळ चौकडीच्या करामती' यांसारख्या वेबसीरिज याच वाटेवरच्या.

पण गाव सगळ्यांसाठी सारखं असतं का?

रीलमध्ये न दिसणारा भाग इथून सुरू होतो.

जानेवारी २०२५ मध्ये रोहन कानवडे यांच्या 'साबर बोंडं' या मराठी चित्रपटाला सनडान्स महोत्सवात वर्ल्ड सिनेमा विभागाचा ग्रँड ज्युरी पुरस्कार मिळाला. कथा अशी, की मुंबईत राहणारा आनंद वडिलांच्या दहा दिवसांच्या दुखवट्यासाठी गावी जातो. नातेवाईक लग्नाचा विषय काढत राहतात. आनंद समलिंगी आहे. तिथे त्याला बालपणीच्या मित्राचा आधार मिळतो. कानवडे स्वतः मुंबईत वाढले आणि वडील गेल्यानंतर गावी काढलेल्या दिवसांतून ही गोष्ट आली.

म्हणजे गावाने इथेही गोष्ट दिली, पण शांतता दिली नाही. अनेकांसाठी घरी परतणं म्हणजे 'लग्न कधी?' या प्रश्नाकडे परतणं. मुलींसाठी तर त्याहून जास्त. संध्याकाळी सातनंतर बाहेर का, खोलीचं दार बंद का, ही चौकशी शहरातल्या भाड्याच्या रूमवर होत नाही.

आणि जात. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत बोलताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी खेड्याचे गोडवे गाणाऱ्यांवर कडक टीका केली होती. ज्यांच्या आजोबांनी गावकुसाबाहेरचं जगणं सोडून शहर गाठलं, त्यांच्यासाठी शहर हीच मोकळीक होती. गावी ज्याचा वाडा आणि विहीर आहे त्याचं परतणं आणि ज्याची तिथे एक खोलीही नाही त्याचं परतणं, हे एका मापाने मोजता येत नाही.

परत आल्यावर गाडी अडते कुठे?

सुचणं सुरू होतं, पण सुचलेलं दाखवायचं कुणाला? लिहिलेलं वाचून दाखवायला, 'हे जमलं नाही' असं तोंडावर सांगायला माणसं लागतात. तालमीला जागा लागते, प्रयोगाला थिएटर लागतं.

जिल्ह्याच्या गावांत अशा जागा मोजक्याच. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह आगीत जळालं. शाहू महाराजांच्या काळात, १९१५ मध्ये उभी राहिलेली ही वास्तू. महानगरात एक थिएटर बंद पडलं तर दुसरं असतं. इथे मात्र स्थानिक कलाकारांचं हक्काचं व्यासपीठच गेलं.

सरकारचं लक्षही मोठ्या शहराकडेच जास्त आहे. मे २०२५ मध्ये 'वेव्ह्ज' परिषद मुंबईत बीकेसीत झाली. अॅनिमेशन, गेमिंग अशा क्षेत्रांसाठीची इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ क्रिएटिव्ह टेक्नॉलॉजीसुद्धा मुंबईतच. या संस्था हव्यातच. पण महाराष्ट्रात हजारो अनुदानित सार्वजनिक ग्रंथालयं आहेत. त्यातल्या काहींत चांगलं इंटरनेट, एक शांत खोली आणि महिन्यातून एकदा वाचन किंवा फिल्म दाखवण्याची सोय झाली, तरी परतलेल्या माणसाला टेकायला जागा मिळेल. बिनभाड्याची आणि ज्याला गावात घर नाही त्यालाही उघडी असणारी.

मग परतावं की नाही?

नुसतं गाव बदलून सुचत नाही. परतल्यावर हातात वेळ येणार आहे का, तिथला विषय खुणावतोय का आणि शहरातली चार माणसं फोनवर तरी सोबत राहणार आहेत का, हे आधी तपासायला हवं. यातलं काहीच नसेल तर पत्ता बदलेल, वही कोरीच राहील.

आणि त्या दुसऱ्या कमेंटचं काय? 'घर कोण चालवतं?' हा टोमणा म्हणून विचारला जातो, पण प्रश्न बरोबर आहे. परतलेल्या मुलाला मिळालेला मोकळा वेळ बहुतेकदा कुणीतरी दिलेला असतो. वडिलांची पेन्शन, भावाची शेती, दोन वेळचं जेवण करणारी आई. त्या रीलमध्ये चहाचा कप दिसतो, चहा करणारी दिसत नाही. तिलाही कधीकाळी गाणं येत असेल, काही लिहावंसं वाटत असेल. ती तर गाव सोडून कुठे गेलीच नव्हती, तरी तिची वही कोरी आहे. कारण गावात असूनही वेळ तिच्या वाट्याला आलाच नाही.