बेडकाची कातडी आणि आपली बेफिकिरी

कला शाखेच्या विद्यार्थ्याने जंतू आणि औषधे यांवर लिहावे हे काहींना आगाऊपणाचे वाटेल. 'हा विषय सायन्सवाल्यांचा' असे मित्रांनी मला ऐकवलेही. परंतु ज्या विषयाने लालबागच्या आमच्या चाळीतल्या खोलीत दोन वर्षे मुक्काम ठोकला, तो एकट्या सायन्सवाल्यांचा कसा म्हणावा?

काही वर्षांपूर्वी माझ्या काकांना क्षय झाला. साध्या क्षयाचा नेहमीचा उपचार सहा महिन्यांचा असतो. पहिले दोन महिने चार औषधे एकत्र देतात, पुढे त्यांची संख्या कमी होते. दोन महिन्यांत काकांचा ताप उतरला, खोकला थांबला, अंगावर थोडे मांस चढले. गोळ्यांनी मळमळ होई, आणि कामावर खाडा पडला की पगार कापला जाई. "आता बरं वाटतंय, उगाच कशाला गिळायच्या?" असे म्हणून त्यांनी गोळ्या सोडल्या. आजी ओरडली, मी मात्र फारसे मनावर घेतले नाही. वर्षभरात आजार परत आला, तो नेहमीच्या औषधांना न जुमानणारा होऊन. पुढची दोन वर्षे काकांनी काय सोसले ते आम्हीच जाणतो. ते वाचले, पण औषधांनी त्यांचे कान गेले. आज त्यांच्याशी ओरडून बोलावे लागते.

तेव्हापासून जंतूंविषयी मिळेल ते वाचू लागलो आणि एका बेडकाची गोष्ट हाती आली. मायकेल झॅस्लॉफ हे अमेरिकन शास्त्रज्ञ आफ्रिकेतल्या एका जातीच्या बेडकांवर प्रयोग करीत. पोट उघडून, टाके घालून बेडूक पुन्हा टाकीतल्या गढूळ पाण्यात सोडत. त्या पाण्यात जंतूंची काय वाण? तरीही जखमा चिघळत नसत, भरून येत. झॅस्लॉफ यांनी कारण शोधले तेव्हा बेडकाच्या कातडीतच जंतुनाशक पदार्थ सापडले. १९८७ मध्ये त्यांनी ते जाहीर केले आणि ढाल या अर्थाच्या हिब्रू शब्दावरून त्यांना 'मॅगेनिन' हे नाव दिले. त्याआधी १९८१ मध्ये स्वीडनच्या हान्स बोमन यांना एका पतंगाच्या कोशात अशीच द्रव्ये मिळाली होती, आणि १९८५ मध्ये माणसाच्या पांढऱ्या पेशींतली 'डिफेन्सिन' उजेडात आली होती.

या सर्वांना जंतुरोधक पेप्टाइड म्हणतात. वर्णमालेतल्या अक्षरांचे शब्द होतात, तशी वीस अमायनो आम्लांतून निसर्ग प्रथिने जुळवतो. पेप्टाइड हे त्यांतले आखूड शब्द, बहुधा बारा ते पन्नास अक्षरांचे. यांतल्या बहुतेकांवर धन विद्युतभार असतो. जंतूच्या आवरणाचा बाहेरचा भाग ऋणभारित असतो, आपल्या पेशींचा बहुतांशी तसा नसतो. त्यामुळे पेप्टाइड जंतूला जाऊन चिकटते, आवरणात घुसते, त्याला भोके पाडते आणि आतला ऐवज बाहेर वाहून जातो. काही पेप्टाइडे पांढऱ्या पेशींना मदतीला बोलावण्याचेही काम करतात. आपल्या नहाणीतल्या झुरळाला आपल्यासारखी प्रतिपिंडे नाहीत; तरी ते गटारात सुखाने नांदते, त्यात या पेप्टाइडांचा मोठा वाटा आहे. आपल्या त्वचेत, घामात, लाळेत, आतड्यात, आईच्या दुधात हीच फौज उभी असते. क्षयाच्या जंतूशी झुंजतानाही ती कामाला येते. उन्हामुळे अंगात तयार होणाऱ्या ड जीवनसत्त्वाच्या मदतीने आपल्या पेशी असे एक पेप्टाइड बनवतात, असे २००६ मध्ये दिसून आले. उन्हात बसून क्षय बरा होतो असा याचा अर्थ नाही. पण अंधाऱ्या, कोंदट खोल्यांत पिढ्या काढलेल्या गिरणगावाने ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

वाचता वाचता हा शोध थेट आमच्या शेजारी, परळला येऊन पोहोचला. परळ म्हणजे हाफकिनचे परळ. १० जानेवारी १८९७ रोजी प्लेगची लस प्रथम स्वतःला टोचून घेणाऱ्या हाफकिन यांची प्रयोगशाळा १८९९ मध्ये तेथल्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये आली. त्याच परळमध्ये प्रजनन आरोग्यावर संशोधन करणारी राष्ट्रीय संस्था आहे. १९९६ च्या सुमारास डॉ. के. व्ही. आर. रेड्डी व त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथे याच मॅगेनिनवर प्रयोग केले. २०१० मध्ये तेथील डॉ. सुसान इडिक्युला-थॉमस व सहकाऱ्यांनी जगभर सापडलेल्या अशा पेप्टाइडांचा संगणकीय कोश जाहीर केला. आरंभी त्यात ३,७८२ नोंदी होत्या. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चौथ्या आवृत्तीत त्या २४ हजारांवर गेल्या. नवा 'शब्द' जंतुरोधक ठरेल की नाही, याचा अंदाजही हा कोश देतो. शब्दकोश उशाशी घेऊन बसणाऱ्या आम्हां कला शाखेच्या मुलांना या कामाचे मोल कळायला हरकत नसावी. पण बसने रोज परळवरून जाणाऱ्या आपल्यापैकी किती जणांना हे ठाऊक आहे?

येथे कोणी म्हणेल, मग चिंता कशाला? जुनी औषधे बोथट झाली तर ही नवी येतीलच. माझा आक्षेप नेमका या निश्चिंतीला आहे. मॅगेनिनपासून बनवलेल्या, मधुमेहींच्या पायावरील जखमांसाठीच्या मलमाला अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी १९९९ मध्ये परवानगी नाकारली. प्रयोगशाळेपासून औषधाच्या दुकानापर्यंतची वाट लांब असते. दुसरे उदाहरण अधिक बोलके आहे. कोलिस्टिन हे पेप्टाइडच. इतर औषधे हरली की डॉक्टर त्याच्याकडे वळतात. तेच कोंबड्या-डुकरांचे वजन वाढावे म्हणून खाद्यात मिसळले जाऊ लागले. २०१५ मध्ये चीनमध्ये कोलिस्टिनला दाद न देणारा जनुक आढळला, तोही एका जंतूकडून दुसऱ्याकडे सहज जाणारा. भारताने २०१९ मध्ये खाद्यजनावरांसाठी या औषधाच्या वापरावर बंदी घातली. म्हणजे ढाल निसर्गाची असली तरी बेफिकिरीपुढे तीही टिकत नाही.

निसर्गाने ही शस्त्रे कोट्यवधी वर्षे धारदार ठेवली, त्याचे एक कारण त्यांच्या वापरात आहे असे मला वाटते. शरीर एकाच पेप्टाइडावर विसंबत नाही. अनेक एकत्र सोडते, आणि तीही गरज असेल त्या जागी. क्षयावर चार औषधे एकत्र देण्यामागे हेच शहाणपण आहे. एकाच्या तावडीतून सुटलेला जंतू दुसऱ्याच्या हाती सापडावा. काकांनी ही साखळी मध्येच तोडली. अपुऱ्या मात्रेने जंतू औषधाला सरावतात, हा इशारा तर पेनिसिलिनच्या जनकाने, अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी, १९४५ च्या नोबेल व्याख्यानातच दिला होता.

मात्र सगळा दोष काकांच्या माथी मारून मोकळे होणे मला मान्य नाही. खाडा पडला की ज्याची चूल अडते, त्याला 'औषध पूर्ण घे' असा नुसता उपदेश करून काय उपयोग? आजाऱ्याला भरपगारी रजा, खोलीत उजेड आणि वारा, घरी येऊन विचारपूस करणारे कोणी, या गोष्टी प्रयोगशाळेत तयार होत नाहीत. त्या समाजाने द्यायच्या असतात, आणि समाज हा तर आपल्या अभ्यासाचा विषय आहे!

म्हणून दोन सूचना. सर्दी झाली की दुकानदाराकडे 'स्ट्राँग गोळी' मागण्याची सवय आपण स्वतःपासून सोडावी. आणि आपल्या राष्ट्रीय सेवा योजनेने झाडे लावली, भिंती रंगवल्या. यंदा क्षयाचा उपचार घेणाऱ्या दहा घरांशी सहा महिने नाते जोडावे. आठवड्यातून एकदा जावे, बसावे, 'गोळ्या घेतल्या का?' एवढे विचारावे. आमच्या घरी त्या वेळी हे विचारायला मी होतो, पण मी विचारले नाही.

— तृतीय वर्ष, कला