परत आलेला डबा

मी नाशिकच्या इंदिरानगरात पोळी-भाजीचे डबे देते. रोजचे सव्वीस डबे. संध्याकाळी ते परत आले की धुण्याआधी एकेक उघडून बघायची सवय अकरा वर्षांत अंगवळणी पडली आहे. पोळ्या तशाच परत आल्या असतील तर मी फोन करते. कुणाला ताप असतो, कुणाला परीक्षेची धास्ती. एकदा एका मुलाच्या वडिलांचं ऑपरेशन होतं आणि त्याने ते कुणाला सांगितलंही नव्हतं. अन्न जात नाही म्हणजे काहीतरी बिनसलंय, एवढं मला कळतं. तरीही घरच्या सशाची भरलेली वाटी रात्री दिसली, तेव्हा ‘सकाळी खाईल’ म्हणून मी झोपले. ती रात्र मनातून जात नाही, म्हणून लिहायला बसले.

सशाचं नाव पिठ्या. पिठात लोळून आल्यासारखा पांढराशुभ्र. तीन वर्षांपूर्वी माझ्या मुलाने एका जत्रेबाहेरच्या टोपलीतून साडेतीनशे रुपयांना आणला. विकणाऱ्याने सांगितलं, ‘गाजर घाला आणि पाणी कमी पाजा.’ दोन्ही गोष्टी चुकीच्या होत्या. पण आम्हाला तेव्हा तेवढंच माहीत होतं.

पहाटे साडेचारला मी कणीक मळायला घेते. कणीक झाली की बाजार समितीतून आणलेली कोथिंबीर निवडायची. जुडीचा बंद सुटला की पिठ्या गॅलरीतून टुणटुणत ओट्याशी येतो आणि मागच्या पायांवर उभा राहतो. गेल्या फेब्रुवारीतल्या त्या बुधवारी तो आला नाही. शोधलं तर सिलिंडरमागे अंग आखडून बसला होता. डोळे अर्धवट मिटलेले, कान गार. जवळ कान नेला तर दातांवर दात घासल्याचा बारीक कर्रकर्र आवाज येत होता. ट्रेमध्ये एकही लेंडी नव्हती. कोथिंबिरीची काडी नाकाशी धरली तर त्याने तोंड फिरवलं.

सासूबाई म्हणाल्या, ओव्याचं पाणी पाज. शेजारच्या काकूंनी मीठ-मोहरी ओवाळून टाकली. घरात मुलाच्या तापावेळचं उरलेलं अँटिबायोटिक होतं, ते थोडं द्यावं असंही माझ्या मनात आलं. दिलं नाही, हे नशीब. माणसांना सर्रास दिली जाणारी अमॉक्सिसिलिनसारखी औषधं सशाच्या पोटात गेली तर आतड्यातले उपयोगी जिवाणू मरतात आणि त्यापायी ससाही दगावू शकतो. हे मला दुपारी डॉक्टरांकडून कळलं.

दुपार झाली, कारण डॉक्टर मिळेना. पहिल्या दवाखान्यात ‘आम्ही ससे बघत नाही’ म्हणून सांगितलं. ते निदान स्पष्ट तरी होतं. दुसरीकडे तासभर बसवून घेतलं आणि ‘एक दिवस वाट बघा, भूक लागली की खाईल’ असं सांगून परत पाठवलं. डबे त्या दिवशी जावेने भरले. मी भाजीच्या टोपलीत टॉवेल अंथरून पिठ्याला घेऊन रिक्षाने शहराच्या दुसऱ्या टोकाला गेले. तिथे एक डॉक्टर मॅडम भेटल्या.

त्यांनी आधी ताप मोजला. सशाचं अंग आपल्यापेक्षा गरम असतं, साधारण ३८.५ ते ४० अंश सेल्सियस. पिठ्याचं ३७ वर आलं होतं. त्यांनी कोमट पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून त्याच्या पोटाशी ठेवली, मग पोटावर स्टेथोस्कोप लावला आणि मलाही ऐकायला दिला. ‘ताई, इथे सारखी गुरगुर ऐकू यायला हवी.’ मला काहीच ऐकू आलं नाही. आतडं थांबलं होतं. एक्स-रेमध्ये कुठे काही अडकलेलं दिसलं नाही, तेव्हा कातडीखाली सलाइन, दुखणं कमी करायचं औषध आणि आतड्याला चालना देणारं औषध सुरू झालं. अडकलेलं असताना तोंडातून भरवलं तर जिवावर बेतू शकतं, म्हणून एक्स-रे आधी.

ससा गाईसारखाच गवतावर जगतो, पण रवंथ करत नाही. चारा आंबवायचं काम त्याच्या पोटाच्या मागच्या भागात चालतं, आणि ते चालू राहायला चारा सतत पुढे सरकत राहावा लागतो. त्याला उलटी करता येत नाही. खाणं थांबलं की आतडं मंदावतं, आतडं मंदावलं की वायू धरतो, पोट दुखतं, आणि दुखतंय म्हणून तो आणखी खात नाही. हा फेरा एका दिवसात जीव घेऊ शकतो. त्याचे दात जन्मभर वाढतात आणि ते झिजवायलाही चाराच लागतो. म्हणून त्याचं मुख्य जेवण वाळलेलं गवत. गाजर गोड असतं, ते कधीमधी चघळायला एखादी चकती, इतकंच. आमच्याकडे तो रोज गाजर, पोळीचा तुकडा आणि बिस्किट खात होता. आम्ही ते प्रेमानेच देत होतो.

त्या रात्री मी दर तीन तासांनी भिजवून मऊ केलेला चारा सिरिंजने त्याच्या गालाच्या बाजूने थेंबथेंब भरवला. मुलगा त्याला टॉवेलात धरून बसला. शुक्रवारी पहाटे पावणेपाचला ट्रेमध्ये पहिली लेंडी दिसली. मसुराच्या दाण्याएवढी, कोरडी. मी ती तळहातावर घेऊन ह्यांना उठवलं. दुपारपर्यंत हरभऱ्याएवढ्या पडू लागल्या. रविवारी मी कोथिंबिरीचा बंद सोडला आणि मागे पायाशी काहीतरी हललं.

नेमकं कशामुळे झालं, हे अजून कळलेलं नाही. दात ठीक होते, एक्स-रे ठीक होता. त्या आठवड्यात पाहुणे होते, रात्री गारठा वाढला होता, शेपूची नवी जुडी आणली होती. यातलं काहीही असेल किंवा काहीच नसेल. डॉक्टर मॅडमनी उगाच एक कारण काढून माझ्या हाती दिलं नाही, याबद्दल मला त्यांचा आदर वाटतो. ‘का थांबलं ते सांगता येणार नाही, पण तुम्ही उद्या आला असता तर मला काही करता आलं नसतं,’ एवढंच त्या म्हणाल्या.

सगळे म्हणतात, अचानक आजारी पडला. हा शब्द मला आता पटत नाही. ससा हा शिकार होणारा प्राणी. दुखणं दाखवलं तर कुणीतरी उचलून नेईल, हे त्याच्या रक्तात आहे. तो ओरडत नाही, लंगडत येऊन पायाशी पडत नाही. तो फक्त खायचं थांबतो. निरोगी ससा दिवसाला दोनशे-तीनशे लेंड्या टाकतो. त्या कमी झाल्या, लहान झाल्या, तर तीच त्याची हाक. दहा-बारा तास खाल्लं नाही, तर सकाळची वाट बघायची नाही, त्याच वेळी दवाखाना गाठायचा.

ही एक ओळ मला तीन वर्षांत कुणी सांगितली नाही, ही माझी तक्रार आहे. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली २०१८ साली पाळीव प्राण्यांच्या दुकानांसाठी नियम आले. दुकानाला राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करावी लागते. पण जत्रेबाहेरच्या टोपलीला कोण विचारतो? मुलांच्या वाढदिवसाला ससा खेळण्यासारखा दिला जातो. त्या टोपल्यांवर महापालिकेने कारवाई करावी. नोंदणी असलेल्या दुकानानेही विकताना मराठीत छापलेला एक कागद हातात द्यावा: गवत किती, पाणी भरपूर, कोणती औषधं द्यायची नाहीत, कधी धावायचं. मिक्सर घेतला तरी पुस्तिका मिळते, जीव घेतला तर काहीच नाही.

दुसरी मागणी दवाखान्यांकडे. परळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ सालचं. इतकी जुनी परंपरा असलेल्या राज्यात ससा कुठे दाखवायचा, हे शोधण्यात माझे सात तास गेले. सगळ्यांनीच ससे तपासावेत असं मी म्हणत नाही. जे तपासतात त्यांनी पाटीवर तसं लिहावं. जे तपासत नाहीत त्यांनी ‘वाट बघा’ न म्हणता दुसऱ्या डॉक्टरांचा नंबर द्यावा.

आता पहाटे उठले की गॅस पेटवण्याआधी मी ट्रे बघते, वाटी बघते, मगच कणकेत हात घालते. ज्यांच्या घरी ससा आहे, त्यांनी आज रात्री झोपण्यापूर्वी त्याची वाटी एकदा बघावी. भरलेली दिसली, तर झोपू नये.