किती घरांत?

माझा एक जुना विद्यार्थी पुण्यात प्रोग्रॅमर आहे. गेल्या दिवाळीत फराळाला आला, तेव्हा माझ्या मेजावरचा आडवा, काळपट कॅल्क्युलेटर उचलून हसला. म्हणाला, "सर, हा संग्रहालयात द्या. ज्याच्या मांडीवर अख्खा संगणक आहे, त्या प्रोग्रॅमरला वेगळा कॅल्क्युलेटर कशाला हवा?" सणाच्या दिवशी पाहुण्याशी वाद नको म्हणून मी त्याच्यापुढे चकल्या सरकवल्या. आज मात्र उत्तर देणार आहे. कारण हा प्रश्न त्याच्या एकट्याचा नाही, आणि यंत्र सगळे सांभाळून घेते ही त्यामागची समजूत घातक आहे.

तो कॅल्क्युलेटर म्हणजे ह्यूलेट-पॅकार्ड कंपनीचा एचपी-१६सी. खास प्रोग्रॅमर मंडळींसाठी तो १९८२ साली बाजारात आला, तेव्हा किंमत होती १५० डॉलर. १९८९ साली त्याचे उत्पादन थांबले. दशमान, द्विमान, अष्टमान आणि षोडशमान अशा चारही पद्धतींत तो पूर्णांकांचा हिशेब करतो. षोडशमानाला बिचकण्याचे कारण नाही. १९५७ सालच्या एप्रिलात दशमान नाणी येईपर्यंत आपले वाडवडील दुसरे काय करीत होते? पंधरा आण्यांत आणखी एक पडला की आण्यांचे शून्य आणि हातचा एक रुपया.

पण त्याचा खरा गुण हा नव्हे. संख्या किती बिटांत, म्हणजे किती घरांत बसवायची, ते आपण ठरवायचे. १ पासून ६४ पर्यंत कितीही घरे द्या. ऋण संख्या कोणत्या रीतीने लिहायच्या, तेही आपणच ठरवायचे. संगणकात रूढ असलेल्या रीतीने आठ घरे देऊन १२७ मध्ये १ मिळवा. उत्तर येते उणे १२८! आणि पट्टीच्या तळाशी 'जी' हे इंग्रजी अक्षर उमटते. त्याचा अर्थ एवढाच, की बेरीज घरात मावली नाही.

शाळेत आम्ही मुलांना शिकवतो, की संख्येला अंत नाही. ते खरेच आहे. पण यंत्रातल्या संख्येला भिंती असतात, हे त्यांना कोणी शिकवायचे?

भिंती विसरल्या की काय होते, ते ४ जून १९९६ रोजी फ्रेंच गयानातील कुरू येथे दिसले. एरियन-५ हे नवे रॉकेट पहिल्याच उड्डाणात सुमारे ४० सेकंदांत नष्ट झाले. आडव्या वेगाशी संबंधित अशी ६४ बिटांतली एक संख्या १६ बिटांत उतरवली जात होती, आणि तिथे ३२,७६७ च्या पुढे जागाच नव्हती. आज्ञावलीचा तो भाग एरियन-४ वरून उचललेला. जुन्या रॉकेटला तेवढी घरे पुरत होती. नव्याला पुरतील का, हे कोणी पुरते तपासले नाही.

कोणी विचारील, खिशात हा कॅल्क्युलेटर असता तर रॉकेट वाचले असते काय? नाही, इतका भाबडा मी नाही. ते अभियंते अडाणी नव्हते. घरांचा विचार त्यांनी जुन्या रॉकेटपुरता केलाही होता. म्हणूनच माझे म्हणणे असे, की हा प्रश्न एकदा विचारून भागत नाही. तो हाताच्या सवयीत मुरावा लागतो, आणि हाताला सवय लागते ती हत्याराने.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. संगणकाच्या पडद्यावरच आता प्रोग्रॅमरचा कॅल्क्युलेटर फुकट मिळतो. मिळतो खरा, पण विंडोजमधला तो कॅल्क्युलेटर ८, १६, ३२ आणि ६४ ही चारच मापे देतो. २५ फेब्रुवारी १९९१ रोजी सौदी अरेबियातील धाहरान येथे पेट्रियट यंत्रणेला चालून येणारे स्कड क्षेपणास्त्र अडवता आले नाही, आणि २८ अमेरिकन सैनिक ठार झाले. त्या यंत्रणेचा वेळेचा हिशेब २४ बिटांत चाले. सेकंदाचा दहावा भाग द्विमानात लिहू गेले तर कधी संपतच नाही. २४ घरांत तो तोडला गेला, आणि शंभर तासांत ती कणभर चूक साचून सेकंदाच्या तिसऱ्या हिश्शाएवढी झाली. चोवीस! पडद्यावरच्या त्या चार मापांत हा आकडाच नाही. सोय करून देणाराने जेवढी घरे मांडली, तेवढीच जगात आहेत, असे सोय वापरणाराला हळूहळू वाटू लागते.

आता तर संगणक स्वतःच आज्ञावली लिहून देऊ लागला आहे. माणसाकडे काम उरते ते तपासण्याचे. तपासणाराला भिंती कुठे आहेत हेच ठाऊक नसेल, तर त्याच्या सहीची किंमत काय?

माझा विद्यार्थी यंदाही येईल. चकल्या त्याला मिळतीलच, पण आधी मी विचारणार आहे, "१२७ अधिक १ किती?" त्याने "किती घरांत?" असे उलट विचारले, तर मी माझे शब्द मागे घेईन. "१२८" म्हणाला, तर कॅल्क्युलेटर संग्रहालयात जाणार नाही. त्याच्याबरोबर पुण्याला जाईल.