पठ्ठ्याबरोबर वस्तादाचंही नाव पुकारा

आपल्याकडे जत्रेतल्या कुस्तीच्या फडात एक चांगली रीत आहे. गडी मैदानात उतरला की पुकारणारा त्याचं नाव घेतो, गाव सांगतो आणि लगोलग वस्तादाचंही नाव घेतो. अमक्या तालमीचा, अमक्या वस्तादाचा पठ्ठा. कुस्ती निकाली झाली की पोरगा आधी वस्तादाच्या पाया पडतो, मग इनाम घेतो. गावाला हे कुणी शिकवावं लागलं नाही.

मात्र हाच पोरगा कॉलेजात गेला, विद्यापीठाच्या संघातून कबड्डी खेळला किंवा क्रॉस कंट्रीत पहिला आला, की गावात फ्लेक्स लागतो. त्यावर पोराचा फोटो असतो आणि बाजूला सात-आठ पुढाऱ्यांचे. त्याला पहाटे पाचला मैदानावर उभं करणाऱ्या क्रीडा शिक्षकाचं नाव मात्र बारीक अक्षरातसुद्धा नसतं. वाचकहो, तुमच्या गावातला शेवटचा असा फ्लेक्स आठवून बघा.

कागदोपत्री या माणसाचा हुद्दा 'शारीरिक शिक्षण संचालक'. पोरांच्या तोंडी तो 'खेळाचे सर'. मेढ्यासारख्या ठिकाणी त्यांचं काम काय असतं, ते बाहेरच्याला समजायचं नाही. जावळीत सपाट जागा म्हणजे भाताचं खाचर, नाही तर वेण्णेकाठची पट्टी. पावसाचे चार महिने मैदान चिखलात. पोरं केळघर, कुडाळ, करहर, बामणोलीकडून एसटीनं येणार, म्हणजे सराव घड्याळावर नाही, शेवटच्या गाडीवर चालतो. सुगीला निम्मा संघ शेतात असतो. अशात संघ उभा करायचा आणि तो तालुक्याला, जिल्ह्याला, पुढे विद्यापीठाच्या स्पर्धेला न्यायचा. पोराकडे बूट नसले तर काय करायचं, याचा शासन निर्णय निघत नाही.

आपला जिल्हा याबाबतीत कर्जदार आहे. गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ साली हेलसिंकीला कुस्तीत कांस्यपदक घेऊन आले. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. कराडला त्यांची बैलगाड्यांतून मिरवणूक निघाली, हे आजही घराघरांत सांगतात. पण त्या प्रवासासाठी कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य राहिलेले बाळासाहेब खर्डेकर यांनी आपलं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले, हे किती पोरांना ठाऊक आहे? ते काही प्रशिक्षक नव्हते. उलट त्याच कॉलेजच्या स्पर्धेत खाशाबांना खेळाच्या शिक्षकानेच आधी घेतलं नव्हतं, ते प्राचार्यांकडे गेले तेव्हा संधी मिळाली, असं सांगतात. म्हणजे शिक्षकाची एक 'नाही' पदक घालवू शकते आणि कॉलेजातल्या माणसाची एक 'हो' ते आणू शकते. खाशाबांच्या स्वतःच्या वाट्याला तरी काय आलं? १९८४ साली ते अपघातात गेले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर, दीड दशकाहून अधिक काळ लोटल्यावर. जिथे पदकवाल्याची ही गत, तिथे गुरुजींची कोण विचारतो?

अलीकडे थोडा फरक पडलाय, हे कबूल केलं पाहिजे. फलटण तालुक्यातल्या सरडेचा प्रवीण जाधव टोकियो ऑलिंपिकला तिरंदाजीत उतरला, तेव्हा त्याला हेरणारे जिल्हा परिषद शाळेतले शिक्षक विकास भुजबळ यांचंही नाव छापून आलं. २०२३ साली आपली आदिती स्वामी बर्लिनला जगज्जेती झाली, तेव्हा तिचे प्रशिक्षक प्रवीण सावंत यांच्याबद्दल देशभर लिहिलं गेलं. आनंदाची गोष्ट आहे. पण ही नावं पुढे आली ती शिष्य जगाच्या पाठीवर गेले म्हणून. कॉलेजातल्या सरांचे बहुतेक शिष्य तिथवर जात नाहीत. ते पोलिसात जातात, सैन्यात जातात, शाळेत मास्तर होतात. जावळीतली किती तरी माणसं पिढ्यान्‌पिढ्या मुंबईत माथाडीची कामं करत आली. त्या घरातला एखादा पोरगा मैदानाच्या जोरावर सरकारी नोकरीला लागला, तर त्या घराला ते पदकापेक्षा कमी नसतं. या कमाईला कुठल्या पुरस्काराच्या तक्त्यात रकाना नाही.

आणखी एक गोष्ट. राज्यात सरकारी नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे. त्यामुळे प्रमाणपत्राला भाव आला, आणि बनावट क्रीडा प्रमाणपत्रांची प्रकरणंही महाराष्ट्रात उघडकीला आली. मैदान न पाहिलेल्या पोराला खेळाडू ठरवा म्हणून चिठ्ठी घेऊन येणारे काही परके नसतात, आपल्यातलेच असतात. तेव्हा 'जमणार नाही' म्हणणारे सर गावात वाईट ठरतात. आमच्या मते सत्कार करायचा तर पहिला मान या 'जमणार नाही'चा. खऱ्या खेळाडूची जागा त्यानेच राखली.

अमेरिकेत लॉस एंजलिसच्या विद्यापीठात जॉन वुडन नावाचे बास्केटबॉलचे प्रशिक्षक होते. १९४८ ते १९७५ या काळात त्यांच्या संघाने ६२० सामने जिंकले आणि १४७ हरले. हरलेलेही मोजून ठेवलेत, हे लक्षात घ्या. २००३ साली विद्यापीठाने तिथल्या मैदानाला त्यांचं आणि त्यांच्या पत्नीचं नाव दिलं. पैसा त्यांच्याकडे आहे, तो सोडा. पण वही ठेवायला पैसा लागत नाही.

आपल्याकडे ती वहीच नसते. सर निवृत्त होतात, शाल-श्रीफळ मिळतं, भाषणं होतात, आणि पंचवीस-तीस वर्षांत कोण कोण घडलं हे कुणालाच नीट सांगता येत नाही. राज्याचा शिवछत्रपती पुरस्कार मार्गदर्शकांनाही आहे, केंद्राचा द्रोणाचार्य पुरस्कार १९८५ पासून आहे. दोन्हीकडे कामगिरीचे कागद मागतात. ते गोळा करायला निवृत्तीनंतर बसलं की अर्धी प्रमाणपत्रं वाळवीने खाल्लेली, उरलेली पोरांच्या मुंबईच्या खोलीत.

म्हणून आमची सूचना साधी आहे. सर निवृत्त व्हायच्या दोन वर्षं आधी कॉलेजने आणि माजी खेळाडूंनी बसावं. वर्ष, स्पर्धा, खेळाडूचं नाव, गाव, पुढे तो काय झाला, एवढं एका रजिस्टरात उतरवावं आणि प्रमाणपत्रांच्या प्रती जोडाव्यात. पुरस्काराचा अर्ज सरांना स्वतःच्या हाताने, स्वतःचीच तारीफ लिहून भरायला लावू नये, तो शिष्यांनी तयार करून सही तेवढी घ्यावी. सरपंच आणि ग्रामसेवकांनी गावातल्या खेळाडूच्या अभिनंदनाचा ठराव लिहिताना त्यात प्रशिक्षकाचं नाव घालावं. आणि कॉलेजात खेळाच्या सरांची जागा रिकामी असेल, तर संस्थेला आणि आमदारांना त्याबद्दल विचारायला पालकांनी लाजू नये. सरच नसतील तर सत्कार कुणाचा करणार?

खाशाबांची जयंती, १५ जानेवारी, आता राज्याचा क्रीडा दिन म्हणून पाळतात. त्या दिवशी तुमच्या गावात फ्लेक्स लागणारच असेल, तर पुढाऱ्यांचा एक फोटो कमी करा आणि तिथं पोराच्या सरांचा लावा. फोटो नसेल तर आत्ताच जाऊन काढून आणा.